काटा धरण्याआधी तण ओळखा : प्राणी वावरतात त्या अंगणासाठी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

ज्या अंगणात किंवा परसात कुत्रा, मांजर किंवा ससा मोकळा वावरतो, तिथल्या तणांकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. बागकामावरच्या लेखनात तणाचा विचार होतो तो रोपांचे पाणी आणि खत पळवणारे म्हणून, तर पाळीव प्राण्यांवरच्या लेखनात काट्यांचा विचार होतो तो केस विंचरताना होणारा किरकोळ त्रास म्हणून. काटेरी फळे आणि कुसळे धरणारी तणे वेळेत ओळखायची कशी, आणि प्राण्याला अपाय न होता ती जागेवरून घालवायची कशी, हा प्रश्न या दोन्हींच्या मधे पडून राहतो. माझे म्हणणे एवढेच आहे की या तणांचा बंदोबस्त काटा दिसल्यावर सुरू करून भागत नाही; पान ओळखता आले पाहिजे आणि फळ धरण्याआधी झाड मुळासकट निघाले पाहिजे. काटा वाळून जमिनीवर पडला की पुढची अनेक वर्षे आपण त्याच्या मागे धावत राहतो, आणि त्या सगळ्या काळात त्रास भोगतो तो आपल्या घरचा मुका प्राणी.

अंगावर चिकटणारे फळ ही त्या वनस्पतीची बी दूरवर पोहोचवण्याची सोय आहे. ज्या झाडाला वारा किंवा पाणी यांच्या भरवशावर राहायचे नसते, ते जाणाऱ्या-येणाऱ्या जनावराच्या केसांत आपली फळे अडकवून देते. कुत्रा जिथे जाऊन अंग घासतो, जिथे बसून दातांनी काटा उपटतो, तिथे ते बी पडते आणि रुजते. त्यामुळे अंगणातले हे तण कुंपणाच्या कडेने, प्राण्याच्या नेहमीच्या वाटेने आणि त्याच्या बसण्याच्या जागेभोवती वाढलेले दिसते. नवे रोप कुठे शोधायचे, याचे उत्तर बहुतेक वेळा प्राण्याच्या सवयींतच मिळते.

सगळे काटे सारख्याच प्रकारे अपाय करत नाहीत. काही फळांवर टोकाशी वळलेले बारीक आकडे असतात. ती केसांत अडकतात, हालचालीबरोबर आणखी गुंततात आणि केसांचा घट्ट गठ्ठा तयार करतात. हा गठ्ठा कातडी सतत ओढत राहतो, त्याखाली ओल साचते आणि कातडी सोलवटून जखम होते. प्राणी तो दातांनी काढायला जातो तेव्हा आकडे जिभेत आणि हिरड्यांत रुततात. थंड प्रदेशांत वाढणाऱ्या बर्डॉक या रुंद पानांच्या झाडाच्या फळांमुळे कुत्र्यांच्या जिभेवर आणि ओठांवर दाणेदार फोड येतात, हे पशुवैद्यकांच्या चांगल्या परिचयाचे आहे. मांजराची अडचण निराळी असते. त्याच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूला वळलेले असल्यामुळे अंग चाटताना जिभेवर आलेली वस्तू बाहेर टाकणे त्याला अवघड जाते. दुसऱ्या प्रकारची फळे कठीण, अणकुचीदार काट्यांची असतात. ती केसांपेक्षा पंजाच्या गादीत घुसतात आणि प्राणी एकाएकी लंगडू लागतो.

तिसरा प्रकार कुसळांचा, आणि माझ्या मते त्याचीच सर्वांत जास्त धास्ती बाळगायला हवी. गवताच्या कुसळाला पुढे सुईसारखे टोक असते आणि मागच्या दिशेला वळलेली बारीक लव असते. त्यामुळे ते पुढे सरकू शकते, पण मागे येऊ शकत नाही. चालताना, श्वास घेताना, स्नायू हलताना ते आत आत सरकत जाते. बोटांच्या मधून शिरलेले कुसळ पायात वर चढते, कानात शिरलेले पडद्यापर्यंत पोहोचते, नाकातून ओढले गेलेले थेट फुप्फुसापर्यंत गेल्याची उदाहरणे पशुवैद्यकीय ग्रंथांत नोंदलेली आहेत. ते आपल्यासोबत जंतूही आत नेते आणि गळू धरते. वनस्पतीचा तुकडा असल्यामुळे साध्या क्ष-किरण चित्रात तो सहसा दिसत नाही, आणि म्हणून पायाची सूज औषधाने उतरते, पुन्हा येते, पुन्हा उतरते, अशी त्या प्राण्याची फरफट होत राहते. एकाएकी लागोपाठ शिंका येऊ लागणे, डोके एका बाजूला धरून सारखे झटकणे, एक डोळा मिटून घेणे किंवा एकाच पंजाची एकच जागा चाटत राहणे, ही लक्षणे दिसली तर कुसळाची शंका घेऊन त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावे. कानात दिसणारे कुसळ घरी चिमट्याने ओढण्याचा मोह टाळलेला बरा. ते तुटते, आणि उरलेला तुकडा आणखी खोल जातो.

आता ओळखीविषयी. सराटा, ज्याला लहान गोखरू असेही म्हणतात, तो जमिनीला चिकटून चहूबाजूंना पसरतो. एका मध्यातून निघालेल्या त्याच्या फांद्या मीटरभर किंवा त्याहूनही लांब जातात. पान चिंचेच्या किंवा लाजाळूच्या पानासारखे, म्हणजे मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना छोट्या पर्णिकांच्या जोड्या असलेले; समोरासमोरच्या दोन पानांपैकी एक बहुधा दुसऱ्याहून मोठे असते, ही खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. फूल लहान, पिवळे आणि पाच पाकळ्यांचे. फळ पिकले की त्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यावर दोन मोठे कडक काटे असतात. त्यांची ठेवण अशी असते की तुकडा कसाही पडला तरी एखादा काटा वरच्या दिशेला राहतो, आणि तोच पंजात शिरतो. प्रत्येक तुकड्यात एकाहून अधिक बिया असतात आणि त्या मातीत अनेक वर्षे जिवंत राहतात. रोप उगवल्यापासून फूल येण्यास फार काळ लागत नाही. काही आठवड्यांत ते फुलते आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत फळ धरते. एकाच फांदीवर टोकाला कळी, मधे फूल आणि बुडाशी पक्का काटा अशी स्थिती असू शकते, त्यामुळे वरवर पाहून हे अजून फुलातच आहे असे समजणे धोक्याचे ठरते. फांदी उलटून पाहावी.

शंकेश्वराचे झाड याच्या उलट, उभे वाढणारे आणि राकट. काही भागांत त्यालाही गोखरूच म्हणतात, म्हणून नावावर न जाता पान पाहावे हे उत्तम. त्याची पाने मोठी, तिकोनी, कडा दातेरी आणि हाताला खरखरीत लागणारी असतात. खोडावर बहुधा जांभळट ठिपके दिसतात. फुले हिरवट आणि इतकी साधी असतात की त्यांच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही, आणि म्हणूनच फूल येण्याची वाट पाहत बसलेल्याला एकदम फळेच दिसतात. फळ लांबट गोल, सर्व अंगांवर आकड्यांचे काटे असलेले आणि टोकाला दोन चोची असलेले असते. त्याच्या आत दोन बिया असतात. त्यांतली एक आधी रुजते आणि दुसरी बहुधा मागे राहून नंतरच्या हंगामात उगवते. या एका गोष्टीमुळे यंदा सगळी रोपे काढूनही पुढल्या वर्षी त्याच जागी पुन्हा रोपे दिसतात. त्यात आपल्या कामाची काही कसूर नसते, मातीतला साठा संपायला अवधी लागतो एवढेच.

शंकेश्वराविषयी आणखी एक गोष्ट प्राणी पाळणाऱ्यांना ठाऊक असावी. त्याचे नुकते उगवलेले रोप, ज्याला अजून फक्त लांबट, जाडसर अशी बीजदलांची जोडी आहे, ते विषारी असते. त्यातील विषाने रक्तातील साखर एकदम खाली येते आणि यकृताला इजा होते. डुकरे आणि गुरे अशी कोवळी रोपे चरून दगावल्याचे पशुवैद्यकशास्त्रात नोंदलेले आहे. खरी पाने फुटू लागली की विषाचे प्रमाण झपाट्याने उतरते, पण बियांमध्ये ते असतेच. अंगणात ससा किंवा शेळी चरायला मोकळी सोडणाऱ्यांनी पावसानंतर एकदम उगवलेल्या अशा रोपांची गर्दी नजरेआड करू नये.

आघाडा बहुतेकांना ओळखता येतो, परंतु त्याचा काटा किती लवकर तयार होतो याकडे दुर्लक्ष होते. त्याचा लांब, सरळ तुरा खालून वर फुलत जातो. शेंड्याकडे फुले उमलत असतात तेव्हा बुडाकडची फळे पक्व होऊन देठाला उलटी चिकटलेली असतात, आणि बाजूने गेलेल्या प्राण्याच्या पायाला ती ओळीने लागतात. म्हणजे तुरा पूर्ण फुलून होईपर्यंत थांबायचे ठरवले तर निम्मी फळे आधीच अंगणाबाहेर गेलेली असतात. समोरासमोर येणारी पाने आणि खोडावरचे फुगीर सांधे पाहून तो तुरा येण्याआधीच उपटता येतो. जुने झाड बुडाशी लाकडासारखे होते आणि नुसते छाटले तर पुन्हा फुटते, त्यामुळे ते खणूनच काढावे लागते.

गवते ओळखणे सर्वांत अवघड, कारण ओंबी येईपर्यंत ती साध्या हिरवळीसारखीच दिसतात. सेंक्रस गटातल्या काही गवतांच्या ओंबीवर काटेरी गोळ्या धरतात. रेताड, निकस आणि विरळ झाकलेल्या जमिनीत ती जोमाने वाढतात. त्यांचे कोवळे रोप ओळखण्याची एक खात्रीची युक्ती आहे: संशय असलेले रोप अलगद मुळासकट उपटून मुळाशी चिकटलेली माती झाडावी, ज्या काट्यातून ते उगवले तो जुना, काळपट काटा पुष्कळदा मुळाच्या गळ्यापाशी तसाच लटकलेला सापडतो. कुसळी गवत मात्र बहुवर्षायू असते आणि त्याचे ठोंब होतात. त्याची कुसळे पिकताना काळपट होऊन एकमेकांत पिळली जातात. कुसळ ओले झाले की पीळ सुटतो आणि वाळले की पुन्हा बसतो, आणि या फिरण्याने बी स्वतःला मातीत, तसेच केसांतून कातडीत खुपसत नेते. थंड हवेच्या प्रदेशांत हेच काम कोल्ह्याच्या शेपटीसारखी ओंबी असलेली रानटी जवाची गवते करतात. हिरवी असताना ती मऊ असतात आणि अपाय करत नाहीत. वाळून ओंबी सुटी होऊ लागली की प्रत्येक तुकडा वेगळा होऊन अंगावर चढतो. हिरव्या ओंबीपासून सुट्या कुसळापर्यंतचे अंतर कोरड्या, उष्ण हवेत फार थोडे असते.

याखेरीज टोकाला दोन-तीन दाते असलेल्या काळ्या, सुईसारख्या बिया धरणारी बायडेन्सची झाडे आणि मेथीसारख्या तीन पर्णिकांची, बारीक पिवळ्या फुलांची, गुंडाळी झालेल्या काटेरी शेंगा धरणारी मेडिकॅगोची वेल परसात आढळते. त्यांचा अपाय मुख्यतः केसांपुरता राहतो. परंतु लांब केसांच्या प्राण्यासाठी तोही थोडा नाही.

काढण्याच्या कामात वेळ हेच पहिले साधन आहे. पाऊस किंवा पाणी मिळाल्यावर जमीन वाफशावर आली, म्हणजे चिखलही नाही आणि ढेकूळही नाही अशी झाली, की मुळे सहज सुटतात. रोपाला चार-सहा पाने असताना ते दोन बोटांनी निघते. महिनाभराने त्यालाच खुरपे लागते आणि त्यानंतर कुदळ. सराट्याचे सोटमूळ खोल जाते आणि फांद्या धरून ओढल्या तर तुटतात, म्हणून मधला गड्डा शोधून त्याच्याखाली खुरपे घालून मूळ जमिनीखाली कापावे. हिरवळ कापण्याचे यंत्र सराट्यावर चालवून काही साधत नाही, कारण तो पात्याच्या खाली राहतो. काटेरी गवतावर फळ येण्याआधी ते चालवणे थोडे उपयोगी पडते, पण फळ धरल्यावर चालवले तर तेच यंत्र काटे अंगणभर पसरवते. फळ आल्यानंतर यंत्र वापरलेच तर त्याची चाके आणि पात्याखालची पोकळी तिथल्या तिथे झाडून घ्यावी.

फळ नसलेले उपटलेले तण उन्हात वाळवून आच्छादनासाठी वापरायला हरकत नाही. एकही फळ दिसले, मग ते हिरवे का असेना, तर ते झाड खताच्या खड्ड्यात टाकू नये. अर्धवट तयार झालेली फळे उपटलेल्या झाडावरही पिकू शकतात आणि घरगुती खताच्या ढिगात एवढी उष्णता सर्वत्र सारखी निर्माण होत नाही की प्रत्येक बी मरेल. असे झाड उपटण्याआधी त्याच्यावर पिशवी उलटी घालावी, फळांसह आत दाबावे, मग बुडाशी कापावे आणि पिशवी बांधून कचऱ्यात द्यावी. झाड हातात धरून अंगणभर फिरल्याने वाटेवर फळे गळतात, आणि त्याच वाटेवरून प्राणी चालणार असतो. हे काम चालू असताना त्याला घरात किंवा जागेच्या दुसऱ्या भागात बांधून ठेवावे. मातीत हात घातलेला माणूस दिसला की कुत्रा मदतीला आल्याशिवाय राहत नाही.

जमिनीवर आधीच पडलेल्या काट्यांचे काय, हा प्रश्न सर्वांत कष्टाचा आहे. खराट्याने ते पूर्ण निघत नाहीत. जुनी घोंगडी, जाड कांबळ्याचा तुकडा किंवा टाकाऊ सतरंजी जमिनीवर पसरून तिच्यावर जड पावलांनी चालावे आणि मग ती हळूहळू ओढत न्यावी. काटे तिच्यात रुततात. सराट्याच्या काट्यांसाठी मऊ फोमचा तुकडा काठीला गुंडाळून फिरवला तर आणखी बरा उपयोग होतो. हे एकदा करून भागत नाही. वारा आणि पाणी खालचे काटे वर आणतात, म्हणून प्रत्येक चांगल्या पावसानंतर पुन्हा फिरवावे.

त्यानंतर जमीन उघडी ठेवू नये, आणि माझ्या मते सगळ्या खटपटीतला सर्वांत टिकाऊ उपाय हाच आहे. ही तणे बहुतेक करून मोकळ्या, तुडवल्या गेलेल्या, सत्त्व कमी झालेल्या मातीत येतात. दाट हिरवळीत किंवा जाड आच्छादनाखाली त्यांच्या रोपांना ऊन मिळत नाही. पाचोळा, लाकडाचे तुकडे किंवा वाळलेले, बी नसलेले गवत यांचा सात ते दहा सेंटीमीटर जाड थर बारीक बियांच्या वार्षिक तणांना चांगला अटकाव करतो. आच्छादन निवडताना कोकोच्या सालींचे मात्र घेऊ नये. चॉकलेटमधले जे द्रव्य कुत्र्यांना विषारी ठरते तेच त्या सालींत असते, आणि तिच्या वासाने कुत्रा ती खायला जातो. जिथे काट्यांचा साठा फारच मोठा आहे तिथे ऐन उन्हाळ्यात ती जागा भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक घट्ट अंथरावे आणि कडा मातीने दाबून चार ते सहा आठवडे तसेच ठेवावे. वरच्या थरातल्या पुष्कळ बिया त्या तापलेल्या ओलाव्यात मरतात. कठीण कवचाच्या किंवा खोल गेलेल्या बिया त्यातूनही वाचतात, त्यामुळे नंतरची खुरपणी चुकत नाही, पण तिचे ओझे नक्की हलके होते.

तणनाशकांविषयी मी स्पष्ट लिहिणार आहे, कारण काटे दिसले की पहिला विचार त्यांचाच होतो. हिरवे झाड मारणारे औषध झाड मारते. झाडावर तयार झालेला काटा ते नाहीसा करत नाही. फवारणीनंतर वाळून उभे राहिलेले शंकेश्वराचे झाड प्राण्याच्या अंगाला हिरव्या झाडाहून अधिक सहजपणे फळे देते. म्हणजे फळ धरल्यावर फवारणी केली तर विषही अंगणात येते आणि काटेही राहतात. रुंद पानांच्या तणांसाठीचे टू-फोर-डी गवतांवर चालत नाही, त्यामुळे काटेरी गवत घालवण्यासाठी ते फवारणे व्यर्थ आहे. शिवाय कुत्र्याचे शरीर अशा आम्लधर्मी द्रव्याचा निचरा इतर पुष्कळ प्राण्यांहून सावकाश करते, त्यामुळे त्याला त्याची बाधा लवकर होते. पॅराक्वाट हे नाव डब्यावर दिसले तर ते घराच्या आवारात आणूच नये, कारण थोडेसे पोटात गेले तरी ते फुप्फुसे निकामी करते आणि त्यावर नेमका उतारा नाही. उगवण्याआधी मातीवर टाकायची औषधे रुजणाऱ्या बीवर काम करतात, वाढलेल्या झाडावर नाही, म्हणून त्यांची वेळ चुकली की तीही वाया जातात. कुणाला फवारणी करावीच लागली, तर ती फक्त त्या झाडापुरती असावी, वेष्टनावरची सूचना शब्दशः पाळावी, औषध पूर्ण वाळेपर्यंत आणि सूचनेत दिलेला काळ संपेपर्यंत प्राण्याला तिथे जाऊ देऊ नये, आणि फवाऱ्याचे उरलेले पाणी उघडे ठेवू नये. प्राणी पंजा चाटतो. माणूस बूट काढून ठेवतो. त्याला ती सोय नाही.

घरगुती म्हणून सांगितले जाणारे उपायही निर्धोक नसतात. मिठाचे पाणी ओतले तर त्या मातीत पुढे हवे ते झाडही येत नाही आणि प्राण्याने ते खारट पाणी किंवा माती मोठ्या प्रमाणात चाटली तर मिठाची विषबाधा होऊ शकते. साधे व्हिनेगर कोवळी पाने करपवते, पण सोटमुळाला धक्का लावत नाही. तीव्र ॲसिटिक आम्ल मात्र कातडी आणि डोळे भाजू शकते. फरशीच्या सांध्यांत उगवलेल्या रोपांवर उकळते पाणी ओतणे हा त्यातल्या त्यात सरळ उपाय आहे, तोही प्राणी आसपास नसताना. एवढे सगळे मोजून पाहिल्यावर वाफशावरचे खुरपे आणि आठवड्यातून एकदा अंगणाला मारलेली फेरी यांच्या तोडीचे मला दुसरे काही दिसत नाही.

प्राण्याचे अंग तपासणे हाही तण काढण्याचाच भाग आहे, कारण बाहेरून येणारे बी त्याच्याच केसांतून आत येते. फिरून आल्यावर दाराबाहेरच त्याला थांबवून बोटांच्या मधल्या जागा, काखा, कानांच्या मागची आणि आतली बाजू, जांघ, शेपटीचे मूळ आणि गळपट्ट्याखालची जागा हाताने चाचपावी. काटा अडकला असेल तर केस मुळाशी दोन बोटांत घट्ट धरावेत म्हणजे कातडी ओढली जात नाही, आणि टोकाकडून मुळाकडे थोडे थोडे करून सोडवावे. थोडे साधे तेल लावले तर आकडे सहज निसटतात. मोठे फळ पकडीने चिरडून त्याचे तुकडे वेगळे काढणे ते अखंड ओढण्यापेक्षा कमी दुखवते. कात्रीची घाई करू नये, कारण ओढलेली कातडी गठ्ठ्यात वर आलेली असते आणि केसांबरोबर ती कापली जाते. कापणे भागच असेल तर गठ्ठा आणि कातडी यांच्या मधे कंगवा सरकवून त्याच्यावरून कापावे. कुसळांचा हंगाम सुरू होण्याआधी बोटांच्या मधले आणि कानांभोवतीचे केस आखूड करून घेतले तर धोका पुष्कळ कमी होतो. काढलेले काटे खिडकीतून बाहेर फेकू नयेत. ते डब्यात साठवून कचऱ्यात द्यावेत. नाहीतर बाहेरचे बी आपणच हाताने अंगणात पेरतो.

शेवटी एक गोष्ट कुंपणापलीकडची. आपले अंगण स्वच्छ असून शेजारच्या पडीक तुकड्यात शंकेश्वर आणि कुसळी गवत माजले असेल, तर आपल्या खुरपणीला अंत राहत नाही. अशा वेळी तक्रारीपेक्षा फळ धरण्याआधी तिथली एक फेरी सर्वांनी मिळून करणे अधिक फलदायी ठरते. कुंपणाच्या पलीकडे चार-पाच हातांचा पट्टा जरी मोकळा राहिला तरी केसांतून येणाऱ्या काट्यांचे प्रमाण कमी होते.

आपल्याकडे माझी विनंती अशी की बागकामाविषयी किंवा पाळीव प्राण्यांविषयी आपण जे लेखन छापता, त्यात या तणांच्या कोवळ्या रोपांची छायाचित्रे फळांच्या छायाचित्रांच्या शेजारी द्यावीत, आणि ती काटे पिकल्यानंतर न देता पहिली रोपे उगवण्याच्या सुमारास द्यावीत. पिकलेला काटा कुणालाही ओळखता येतो. वाचकाला मदत हवी असते ती दोन पानांच्या रोपासाठी. सराट्याचे, शंकेश्वराचे, आघाड्याचे आणि काटेरी गवताचे असे चार जोड-फोटो एकदा छापले गेले, तर ते कापून दाराशी लावून ठेवणारे पुष्कळ जण निघतील, आणि त्यांच्या घरच्या प्राण्यांच्या पंजात शिरणारे काटे उगवण्याच्या टप्प्यावरच थांबतील.

आपला विश्वासू,
एक वाचक